चौसष्ट घरांचा हिशेब

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



आज मी तुमच्याशी एकाच संख्येबद्दल बोलणार आहे. गणिताचं नाव काढलं की रेडिओचं बटण फिरवणारे लोक असतात, हे मला ठाऊक आहे. तीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवलं. फळ्याकडे तोंड असलं तरी पाठीमागे कोणाचा चेहरा पडला आहे, हे मास्तरला बरोबर कळतं. पण घाबरू नका. दुप्पट करता येणं आणि बेरीज करता येणं, एवढ्या भांडवलावर आजचं भाषण पार पडेल.

तर ती संख्या अशी. एक, आठ, चार, चार, सहा, सात, चार, चार, शून्य, सात, तीन, सात, शून्य, नऊ, पाच, पाच, एक, सहा, एक, पाच. एकूण वीस आकडे. आपल्या पद्धतीनं स्वल्पविराम देऊन लिहिली तर ती अशी दिसते : १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५.

ही वाचायची कशी? हजार, लाख, कोटी, अब्ज इथपर्यंत आपली रोजची भाषा येते. त्यापुढे भास्कराचार्यांना बोलवावं लागतं. इसवी सन ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त त्यांनी अठरा स्थानांची नावं दिली आहेत. एक, दश, शत, सहस्र अशी सुरुवात करून खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य अशी चढत ती यादी परार्धावर थांबते. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. याच भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, मठ काढला होता. त्याचा १२०७ सालचा शिलालेख आपल्या खानदेशात, चाळीसगावजवळच्या पाटण इथं आहे. आजची आपली संख्या त्या परार्धालाही पुरून उरते. ती एकशे चौऱ्याऐंशी परार्धांहून मोठी आहे.

आता तुम्ही म्हणाल, एवढी मोठी संख्या कोणाच्या कामाची? सांगतो. तुम्ही ती आधीच ओळखता, फक्त नावानं ओळखत नाही. बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट लहानपणी प्रत्येकानं ऐकलेली असते. एका हिंदुस्थानी राजाला एका विद्वानानं बुद्धिबळाचा खेळ शोधून दिला. राजा खूश झाला, काय हवं ते माग म्हणाला. विद्वान म्हणाला, महाराज, पटाच्या पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट-दुप्पट करत चौसष्टाव्या घरापर्यंत धान्य द्या. राजाला हसू आलं. पुढे कोठारं रिकामी झाली तेव्हा ते मावळलं. अरबी ग्रंथांत ही गोष्ट फार जुनी आहे. तेराव्या शतकातल्या इब्न खल्लिकान या चरित्रकारानं ती सांगितली आहे, आणि त्यात विद्वानाचं नाव सिस्सा असं येतं. चौसष्ट घरांतल्या दाण्यांची एकूण बेरीज, म्हणजेच आपली वीस आकडी संख्या.

दाणे तांदळाचे धरू. हजार दाण्यांचं वजन वीस ग्रॅम समजलं तर किलोत पन्नास हजार दाणे येतात. पटाच्या पहिल्या ओळीत, म्हणजे आठ घरांत, मिळून २५५ दाणे. मूठभरही नाहीत. दोन ओळींचे मिळून ६५,५३५. जेमतेम सव्वा किलोच्या वर. तीन ओळींचे १,६७,७७,२१५ दाणे, म्हणजे साडेतीनशे किलोंच्या आत. चार ओळी, अर्धा पट झाला, की ४,२९,४९,६७,२९५ दाणे होतात. हे झाले सुमारे शहाऐंशी टन. दहा टनी ट्रक धरले तर नऊ ट्रकांत मावतील. इथपर्यंत राजाचं काही बिघडत नाही. गंमत, खरं तर भीती, उरलेल्या अर्ध्या पटात आहे. संपूर्ण पटाचा तांदूळ होतो सुमारे ३६,९०० कोटी टन. साऱ्या जगात मिळून सध्या वर्षाला पन्नास ते पंचावन्न कोटी टन तांदूळ होतो. म्हणजे जगाचं सुमारे सातशे वर्षांचं पीक त्या विद्वानाच्या दारात ओतावं लागेल.

या हिशेबातला एक गुण मात्र इथं नीट लक्षात ठेवा, कारण पुढे तो मला लागणार आहे. कोणतंही घर घ्या. त्या घरातले दाणे हे त्याच्या आधीच्या सगळ्या घरांतल्या दाण्यांच्या बेरजेपेक्षा बरोबर एकानं जास्त असतात. एक आणि दोन मिळून तीन, पुढच्या घरात चार. एक, दोन, चार मिळून सात, पुढच्या घरात आठ. असंच शेवटपर्यंत. म्हणून आपली संख्या म्हणजे पासष्टाव्या घरात जे असतं, त्यातून एक वजा. गणिताच्या भाषेत २ चा ६४ वा घात वजा १.

हा घात काढायला चौसष्ट वेळा दुप्पट करायची गरज नाही. दोनाचा वर्ग चार. चाराचा वर्ग सोळा. सोळाचा वर्ग २५६. त्याचा वर्ग ६५,५३६. त्याचा वर्ग ४,२९,४९,६७,२९६. आणि याचा आणखी एकदा वर्ग केला की आलाच चौसष्टावा घात. सहा गुणाकारांत काम फत्ते. अल् बिरूनीनं इसवी सन १००० च्या सुमारास कालगणनेवरच्या आपल्या ग्रंथात पटाची ही बेरीज अचूक दिली आहे, आणि वर्ग करत जाण्याची युक्तीही सांगितली आहे.

आपल्याकडे या युक्तीचं मूळ अगदी अनपेक्षित जागी सापडतं, ते म्हणजे कवितेच्या व्याकरणात. पिंगलाच्या ‘छंदःशास्त्रा’त प्रश्न असा आहे : ओळीत अमुक अक्षरं असतील आणि प्रत्येक अक्षर लघु किंवा गुरू असू शकेल, तर एकूण किती प्रकार होतील? एका अक्षराचे दोन, दोन अक्षरांचे चार, तीन अक्षरांचे आठ. हे आठ म्हणजे शाळेत आपण घोकलेले य, म, त, र, ज, भ, न, स हे गण. नऊ नाहीत आणि सात नाहीत, आठच का, याचं उत्तर हे. मोठ्या संख्येसाठी पिंगलानं अक्षरांची संख्या निम्मी-निम्मी करत जायची आणि परत येताना वर्ग करायचे, असा नियम दिला आहे. चौसष्ट अक्षरांना तो लावला की सहा वेळा निम्मं, सहा वेळा वर्ग. विद्वानाचे दाणे आणि कवीचे लघु-गुरू इथं एकाच हिशेबात येतात.

आणखी एका गोष्टीत ही संख्या लपली आहे. मुलांच्या खेळण्यांच्या दुकानात तीन खुंट्या आणि लहान-मोठ्या चकत्यांचं एक लाकडी कोडं मिळतं. एका खुंटीवरची चळत दुसऱ्या खुंटीवर न्यायची, एका वेळी एकच चकती हलवायची, आणि मोठी चकती लहान चकतीवर कधी ठेवायची नाही. १८८३ मध्ये एद्वार ल्युका या फ्रेंच गणितज्ञानं ते टोपणनावानं बाजारात आणलं. त्याबरोबर एक कथाही पसरली, की काशीच्या एका मंदिरात हिऱ्याच्या तीन सुया आणि सोन्याच्या चौसष्ट चकत्या आहेत, पुजारी त्या रात्रंदिवस हलवत असतात आणि काम संपेल त्या दिवशी जग संपेल. काशीला जाऊन ते मंदिर शोधू नका. ती कथा फ्रान्समध्ये रचलेली आहे.

पण हिशेब खरा आहे. सगळ्यात खालची चकती हलवायची तर आधी वरची सगळी चळत बाजूला करायला हवी. मग ती एक चकती हलवायची. मग बाजूला ठेवलेली चळत पुन्हा तिच्यावर आणायची. म्हणजे एक चकती वाढली की हालचाली दुपटीहून एकानं जास्त. एक, तीन, सात, पंधरा, एकतीस... चौसष्ट चकत्यांना लागतात नेमक्या आपल्या संख्येइतक्या हालचाली. सेकंदाला एक धरली तर सुमारे ५८,४५० कोटी वर्षं. विश्वाचं आजवरचं वय साधारण १,३८० कोटी वर्षं मानतात. त्याच्या बेचाळीस पट! तेव्हा जग संपण्याची चिंता नको.

आता या संख्येच्या पोटात काय आहे ते पाहू. शेवटी पाच आहे, म्हणजे पाचानं भाग जाणार. आकड्यांची बेरीज ८७, म्हणजे तिनानंही भाग जाणार. पण असं चाचपडण्यापेक्षा शाळेतलं एक सूत्र आठवा. वर्गातून एक वजा केला की त्याचे दोन तुकडे पडतात : एकानं कमी गुणिले एकानं जास्त. शंभरातून एक वजा केला तर नव्व्याण्णव, म्हणजे नऊ गुणिले अकरा. आपली संख्या वर्गातून एक वजा केलेलीच आहे. म्हणून तिचे दोन तुकडे : ४,२९,४९,६७,२९५ आणि ४,२९,४९,६७,२९७. पहिला तुकडा ओळखलात? अर्ध्या पटावरचे दाणे, ते नऊ ट्रक! त्याचे पुन्हा याच सूत्रानं ६५,५३५ आणि ६५,५३७ असे दोन तुकडे होतात. ६५,५३५ चे २५५ आणि २५७. २५५ चे १५ आणि १७. आणि १५ चे ३ आणि ५.

३, ५, १७, २५७, ६५,५३७. या पाचही मूळ संख्या आहेत, म्हणजे त्यांना एक आणि ती संख्या यांखेरीज कशानंही भाग जात नाही. राहिला तो मोठा तुकडा, ४,२९,४९,६७,२९७. तोही त्याच घराण्यातला दिसतो. मग तोही मूळच असणार, असं कोणालाही वाटेल. फ्रान्सचा थोर गणितज्ञ फर्मा यालाही १६४० मध्ये तसंच वाटलं. या घराण्यातल्या सगळ्याच संख्या मूळ असणार, असा त्याचा विश्वास होता. सिद्धता आपल्याजवळ नाही, हेही त्यानं पत्रांत प्रांजळपणे लिहिलं होतं.

जवळजवळ शंभर वर्षं हा प्रश्न तसाच राहिला, कारण तपासायचं कसं? सरळ मार्गानं जायचं तर साडेसहा हजार मूळ संख्यांनी भागून पाहावं लागलं असतं. १७३२ मध्ये ऑयलरनं उत्तर दिलं. अशा संख्येचा कोणताही मूळ अवयव चौसष्टाच्या पटीत एक मिळवूनच तयार झालेला असला पाहिजे, हे ऑयलरनं सिद्ध केलं आहे. मग यादी किती लहान होते पाहा. १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पहिल्या चारांनी भाग जात नाही. पाचव्या, ६४१ नं, भाग जातो! ६४१ गुणिले ६७,००,४१७ बरोबर ४,२९,४९,६७,२९७. पटावर घरं चौसष्ट, आणि त्या पटाची संख्या फोडायची किल्लीही चौसष्टच.

पाच उदाहरणं बरोबर निघाली म्हणून सहावं बरोबर निघेलच असं नाही, हे मी वर्गात शेकडो वेळा सांगितलं असेल. पण मुलांना ते पटायचं या गुणाकारानं. फर्मासारख्या माणसाचा अंदाज एका साध्या भागाकारापुढे टिकला नाही. त्या घराण्यात पहिल्या पाचांखेरीज आणखी एकही मूळ संख्या आजवर कोणाला मिळालेली नाही.

तर आपली संख्या म्हणजे सात मूळ संख्यांचा गुणाकार : ३, ५, १७, २५७, ६४१, ६५,५३७ आणि ६७,००,४१७. प्रत्येक फक्त एकदा. त्यामुळे तिला नेमक्या १२८ संख्यांनी भाग जातो. सात अवयवांपैकी प्रत्येक घ्यायचा किंवा सोडायचा, म्हणजे पुन्हा लघु-गुरूचाच हिशेब.

त्या नऊ ट्रकांच्या संख्येची आणखी एक नवलाई सांगतो. कंपासपेटीतला कंपास आणि खुणा नसलेली पट्टी, एवढ्याच साधनांनी समभुज त्रिकोण काढता येतो, सुसम पंचकोन काढता येतो. सप्तकोन मात्र काढता येत नाही. ग्रीकांपासून दोन हजार वर्षं लोक इथंच अडले होते. १७९६ मध्ये अठरा वर्षांच्या गाउसनं दाखवलं की सतरा बाजूंची आकृती काढता येते. पुढे हे स्पष्ट झालं की बाजूंची संख्या विषम असेल, तर ती फर्माच्या घराण्यातल्या वेगवेगळ्या मूळ संख्यांच्या गुणाकारानंच बनलेली हवी. याची दुसरी बाजू, म्हणजे इतर आकृती काढता येतच नाहीत हे, १८३७ मध्ये वाँत्झेलनं पक्कं केलं. अशा मूळ संख्या माहीत आहेत पाचच. त्या पाचांचा गुणाकार किती? अर्ध्या पटावरचे दाणे! विषम बाजूंची, कंपास-पट्टीनं काढता येण्यासारखी माहीत असलेली सगळ्यात मोठी आकृती ४,२९,४९,६७,२९५ बाजूंची आहे. कागदावर ती वर्तुळासारखीच दिसेल, ही गोष्ट वेगळी.

आता आपल्या काळात येऊ. तुमच्या टेबलावरच्या संगणकात किंवा खिशातल्या मोबाइलमध्ये संख्या साठवायला घरं असतात. प्रत्येक घरात शून्य किंवा एक, लघु किंवा गुरू. हल्लीच्या यंत्रांत अशी चौसष्ट घरं एकत्र धरतात. चौसष्टही घरांत एक भरला की तयार होते तीच आपली संख्या. यंत्राच्या एका कप्प्यात मावणारी ही सगळ्यात मोठी पूर्ण संख्या. तिच्यात एक मिळवला की स्कूटरच्या मीटरवर ९९,९९९ नंतर सगळी शून्यं यावीत, तसं होतं.

हे नुसतं कुतूहल नाही. ४ जून १९९६ रोजी युरोपचं ‘आरियान ५’ हे अग्निबाण पहिल्याच उड्डाणात सुमारे चाळीस सेकंदांत आकाशात फुटलं. चौसष्ट घरांत ठेवलेली एक संख्या सोळा घरांच्या कप्प्यात कोंबली गेली होती. त्या कप्प्यात ३२,७६७ च्या वर जागाच नव्हती. आधीच्या अग्निबाणाला ती पुरत होती, नव्याचा वेग जास्त होता. चार उपग्रह त्याबरोबर गेले. २०१४ मध्ये यूट्यूबवरचं एक कोरियन गाणं इतक्यांदा पाहिलं गेलं, की दोनशे चौदा कोटींच्या वर मोजण्यासाठी मोजणीचा कप्पा बत्तीस घरांवरून चौसष्ट घरांवर न्यावा लागला. बत्तीस घरांत सेकंद मोजणाऱ्या जुन्या यंत्रांचं घड्याळ १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या वेळेनुसार सकाळी आठ चव्वेचाळीसला, भरून जाणार आहे. तिथंही उपाय चौसष्ट घरांचाच. सेकंदाला शंभर कोटी मोजणाऱ्या यंत्रालाही चौसष्ट घरं भरायला ५८४ वर्षं लागतात. म्हणून अभियंते निर्धास्त असतात.

पण श्रोतेहो, मला आज बोलावंसं वाटलं ते अग्निबाणासाठी नाही. आपल्या गावात, गल्लीत, नात्यागोत्यात हा पट रोज मांडला जातो, आणि त्याला कोणी बुद्धिबळाचा पट म्हणत नाही.

काही वर्षांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. हातात गुळगुळीत कागदाची रंगीत पत्रकं. म्हणाला, “सर, फक्त पाच हजार भरायचे आणि दोन माणसं जोडायची. बाकी काही नाही.”

मी म्हटलं, “अरे, आणि त्या दोघांनी काय करायचं?”

“त्यांनी आणखी दोन-दोन.”

“मग तू कितव्या पायरीवर आहेस?”

“ते नाही सांगत, सर. पण आता तर सुरुवात आहे म्हणतात.”

मी दिनदर्शिकेचं मागचं पान घेतलं आणि त्यालाच लिहायला लावलं. पहिल्या पायरीवर एक, दुसऱ्या पायरीवर दोन, तिसऱ्या पायरीवर चार. दहा पायऱ्यांची माणसं मिळून १,०२३. आपलं एखादं गाव. वीस पायऱ्यांची साडेदहा लाखांच्या आसपास. एखादं मोठं शहर. सत्तावीस पायऱ्यांची तेरा कोटी बेचाळीस लाख. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्र होता सव्वाअकरा कोटींचा. एकतीस पायऱ्यांना अख्खा भारत पुरत नाही. तेहेतीस पायऱ्यांना ८५८ कोटी माणसं लागतात, आणि पृथ्वीवर तेवढी नाहीत. आठवड्याला एक पायरी धरली तर महाराष्ट्र सहा महिन्यांत संपतो.

“म्हणजे कधीतरी थांबणार,” तो म्हणाला.

“थांबणारच. पण थांबेल तेव्हा शेवटच्या पायरीवर किती लोक असतील?”

इथं तो मघाचा गुण कामाला येतो. शेवटच्या घरातले दाणे आधीच्या सगळ्या घरांच्या बेरजेहून एकानं जास्त. साखळी कधीही तुटो, दहाव्या पायरीवर तुटो की विसाव्या, निम्म्याहून जास्त माणसं शेवटच्या पायरीवरच असतात. त्यांनी पैसे भरलेले असतात आणि त्यांच्याखाली कोणीही नसतं. शेवटच्या दोन पायऱ्या धरल्या तर चारांतली तीन माणसं त्यांत येतात. योजना चालवणारा प्रामाणिक असला तरी यात फरक पडत नाही. वरच्याला मिळणारा पैसा हा खालच्यानं भरलेलाच असतो. अशा योजनांवर बंदी घालणारा कायदा आपल्या देशात १९७८ पासून आहे. तरी त्या नवं नाव घेऊन येत राहतात.

त्या मुलानं आईच्या पाटल्या मोडून स्वतःचे पैसे आधीच भरले होते. ते बुडालेच. पण तो ज्या दोघांना जोडायला निघाला होता ती त्याची ताई आणि दाजी होती. त्या दिवशी माझ्याकडून उठून तो ताईकडे गेला नाही, सरळ घरी गेला. त्या पानावरच्या आकड्यांनी एवढं केलं.

आपल्या जुन्या व्यवहारात दुपटीबद्दलचं एक शहाणपण होतं. हिंदू धर्मशास्त्रात दामदुपटीचा नियम आहे. सावकाराला एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. म्हणजे कर्ज फार तर दुप्पट, त्यापुढे नाही. पटाच्या भाषेत, दुसऱ्या घरात थांबा! महिना दहा टक्के चक्रवाढ व्याजानं दहा हजार रुपये पाच वर्षांत तीस लाखांच्या वर जातात. मोकळ्या सुटलेल्या दुपटीपुढे कोणाचं घर टिकत नाही, हे त्या नियम करणाऱ्यांना कळलं होतं. कर्जदाराला वाचवणारा तो शब्द आज कोणत्या कामाला जुंपला आहे पाहा. ‘दामदुप्पट योजना’ हे आमिषाचं नाव झालं आहे.

तेव्हा एक विनंती करून थांबतो. घरात मुलं असतील तर आज बुद्धिबळाचा पट किंवा चौकटी आखलेला कागद घ्या आणि वाटीभर तांदूळ. एक, दोन, चार असे मांडायला त्यांना सांगा. पहिली ओळ हसतखेळत होईल. दुसऱ्या ओळीत दाणे घरात मावेनासे होतील आणि मुलं मोजायचा कंटाळा करतील. तिथंच त्यांना थांबवा आणि विचारा, अजून सहा ओळी राहिल्या, आता काय करायचं? उत्तर त्यांचं त्यांना काढू द्या. आणि उद्या कोणी दारात येऊन ‘फक्त दोनच माणसं’ म्हणालं, तर चहा द्या, पाणी द्या, पण आधी एवढंच विचारा, की मी कितवी पायरी?